धुतलेली पानं

चामराजपुरममधल्या जयलक्ष्मीबाईंच्या परसात बेलाचं एकच झाड, आणि त्या एका झाडावर त्यांचा नवस तोललेला. अडीच वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा त्र्यंबक मेंदूज्वरातून उठला, तेव्हा त्यांनी नंजनगूडच्या श्रीकंठेश्वराला बेलाची लाखोली बोलली होती. रोज एकशे आठ पानं घरच्या पिंडीवर वाहायची आणि लाख पुरे झाले की नंजनगूडला जाऊन अभिषेक करायचा. आता तेवीस दिवस उरले होते.

पान अखंड हवं, कोवळं हवं, स्वच्छ हवं. नेमकी कोवळ्या पानांवरच पाखरांची शीट पडलेली असे, काळपट, मध्ये पांढरा डाग. बाई ती अंगठ्यानं घासून काढत, पान तीन पाण्यांतून धूत. पण गेल्या आठवड्यापासून पानंच कुरतडलेली निघू लागली. परडीत एकशे आठ जमवता जमवता सकाळ सरू लागली.

जवळच्या उद्यानाच्या सभागृहात रविवारी देशी झाडांची कार्यशाळा भरायची होती. ज्याच्या झाडाला काही झालंय त्यानं एक फांदी आणावी, असा निरोप गल्लीत फिरला. बाई बेलाची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेल्या.

कार्यशाळा घेणारी इरा पुण्याहून नोकरीला आलेली. या कानडी शहरात मराठी कानावर पडताच तिनं बाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं.

"फवारणीचं औषध सांग गं," बाई हळूच म्हणाल्या. "पानं कुणीतरी खातंय. आणि ही शीट बघ, एकसारखी असतेच."

इरानं भिंग धरलं. मग गवताची काडी घेऊन त्या डागाला जरासा स्पर्श केला. डाग आक्रसला. त्याच्या एका टोकातून नारिंगी रंगाची दोन इवली शिंगं वर आली आणि लिंबाची साल कुस्करल्यासारखा उग्र वास सुटला.

"काकू, ही शीट नाही. फुलपाखराची अळी आहे. लिंबावर आणि बेलावर वाढते. लहानपणी अशी दिसते म्हणून पक्षी तिला तोंड लावत नाहीत."

शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक नरसिंहमूर्ती वाकून बघत होते. "पक्षी फसून सोडून तरी देतात. आमच्या जयलक्ष्मम्मा फसून घासून काढतात."

सगळे हसले. बाईही हसायला गेल्या, पण ओठ हलले नाहीत. त्या आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. साडेसत्त्याण्णव हजार पानं. त्यांतली किती घासली, किती जीव मोरीतून वाहून गेले, कसं सांगणार? मुलाचा जीव वाचला म्हणून बोललेला नवस, आणि तो फेडताना हे.

"औषध मारलं की तीन दिवसांत जातील," इरा म्हणाली. "नाही मारलं तर पंधरावीस दिवस झाड त्यांचं. मग पुन्हा फुटेल. तुम्ही ठरवा."

घरी येऊन बाई चपला न काढता तशाच परसात गेल्या. अडीच वर्षं ज्या झाडाला त्यांनी रोज प्रदक्षिणा घातली, ते झाड त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं. पानाच्या कडेला रव्याच्या कणाएवढं पिवळं अंडं. त्यापलीकडे शिटेचं सोंग घेतलेलं पिल्लू. आणि देठाशी बोटाएवढी हिरवीगार अळी, पानाची कड अशा शिस्तीनं खात चाललेली की जणू कुणी तिला रेघ आखून दिली होती. खालच्या एका फांदीवरच अकरा जीव. बाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"काय झालं गं, नाग निघाला काय?" दामोदररावांनी, त्यांच्या यजमानांनी, ओसरीवरून विचारलं.

"नाही हो. उद्यापासून पानं तोडायची नाहीत."

"मग नवस? तेवीस दिवसांसाठी अडून बसणार? बाजारातून आणतो ना."

"बाजारातली तरी कुणाच्या तोंडची असतात, मला काय ठाऊक?" बाई शांतपणे म्हणाल्या. "बेल शिळा होत नाही. वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहिलेलं चालतं. माझ्या सासूबाई अडचणीला तसंच करायच्या. आजची एकशे आठ आहेत ना, तीच रोज वाहीन."

"देवाला रोज तेच ताट वाढणार तू."

"त्याची तक्रार आली तर सांगते तुम्हाला."

अकरांतल्या एका अळीनं बारा दिवसांपूर्वीच काटकीला कमरेभोवती रेशमाचा एकच दोर बांधून स्वतःला टांगून घेऊन कोष केला होता. एका सकाळी बाई ओल्या नऊवारीत तांब्या घेऊन आल्या तर त्या कोषाची पाठ उकलत होती. आतून काहीतरी ओलं, चुरगळलेलं बाहेर सरकलं. पंख कसले, चोळामोळा झालेलं फडकं. मग ते भरू लागलं. काळ्यावर पिवळे ठिपके उलगडत गेले, सगळ्यात खाली पंखावरचा विटकरी डोळा उघडला, आणि हे सगळं पापणी लवण्याचाही आवाज न होता.

पूजेची वेळ टळून गेली. तांब्यातलं पाणी हाताला जड झालं, तरी बाई हलल्या नाहीत. तीस वर्षांत ज्यांचं स्तोत्र एकदाही चुकलं नव्हतं, त्यांना एकही ओळ आठवत नव्हती.

दामोदरराव कॉफी मागायला आले. "अगं, आज—"

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना हाताला धरून जवळ ओढलं. यजमानांनी चष्मा वर सरकवला. मग कॉफी विसरून तेही वाकून बघत राहिले.