हललं कोण, हलवलं कोण

आमच्या शाळेत पापं गुणांत मोजतात. उशिरा आलात, दोन. टोपी विसरलात, तीन. सोमवारच्या झेंडावंदनात हललात, पाच. शंभर भरले की दाखला हातात. ही वही अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि ती बिनचूक असते, असा माझा तोराही तेवढाच जुना.

सातवीतली सेकार पंच्याण्णववर पोचली होती. तिच्या चुळबुळीला डॉक्टरांनी नाव दिलंय. तो कागद फायलीत, फाईल कपाटात, म्हणजे कुणी वाचलेला नाही. आमच्या सालातिगा शहरातल्या दोन शाळांनी तिला आधीच नको म्हटलेलं.

रविवारी बाजारात तिच्या आईने मला गाठलं. आमच्याकडे बाईंना बू म्हणतात, मास्तरांना पाक. "बू मार्ती, उद्या सोमवार."

"दर आठवड्याला येतो."

"तिला सांगितलंय, पापणीसुद्धा हलवू नकोस. तर म्हणते, आई, मी नाही हलत, माझी पाठ हलते."

मी तिथे हसले खरी, पण घरी भात निवला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. वही काढली. पंच्याण्णवपैकी ऐंशी गुण सोमवारचे. मधले दोनच सोमवार कोरे. हजेरीपट शेजारी ठेवला. त्या दोन्ही दिवशी गालिह तापाने घरी होता.

गालिह त्याच वर्गातला. रांगा उंचीने लागतात, त्यामुळे तो कायम सेकारच्या मागे. डॉक्टरांचा कागद त्याच्याही फायलीत आहे, पण झेंड्यापुढे पोरगा खांबासारखा उभा. त्याच्या नावावर शून्य. इतरांना मी त्याचंच उदाहरण द्यायचे.

सोमवारी मी पहिल्यांदाच रांगेच्या मागे जाऊन उभी राहिले. समोरून हललेला दिसतो, हलवणारा नाही. राष्ट्रगीत सुरू झालं आणि गालिहच्या पेनाचं टोक सेकारच्या पाठीत रुतलं. ती उडालीच.

"सेकार, बाहेर," आमचे शिस्तीचे मास्तर पाक वियोनो समोरून म्हणाले. "बू, लिहून घ्या. भरले शंभर."

"लिहिते," मी म्हटलं. "गालिहच्या नावावर."

नंतर दोघांना खोलीत बसवलं.

"का रे?"

"बू, तिला टोचलं की माझे पाय गप्प राहतात," गालिह म्हणाला. ते त्याने इतकं सरळ सांगितलं, की रागवायचं राहूनच गेलं.

"आणि तिची शाळा जात होती, ते?"

तो नखं बघत बसला.

"तू सांगायचंस ना गं," मी सेकारला म्हटलं.

"कुणाला? तुमच्या वहीत त्याचं शून्य आहे."

मी ऐंशी गुण तिच्या नावावरून खोडले आणि आजच्या पाचांसकट पंच्याऐंशी गालिहला लावले.

"वहीत खाडाखोड?" दारात येऊन उभ्या पाक वियोनोंचा चेहरा आंबला.

"चूक वहीची होती. आता या दोघांतल्या एकाला मागे पाठवू या, चक्कर येणाऱ्यांना गोड चहा देणाऱ्या मुलांत. तिथे हललं तर चालतं. सेकार, जातेस?"

"मी का जाऊ? माझी जागा तीच आहे. त्याला पाठवा. किटली दोन्ही हातांनी धरावी लागते."

"म्हणजे टोचणाऱ्याला बक्षीस," पाक वियोनो म्हणाले.

"बक्षीस कसलं," गालिह पुटपुटला. "किटली गरम असते."

पुढच्या सोमवारी तो किटली घेऊन मागे फिरत होता. सेकारच्या पाठीमागे कुणी नव्हतं. झेंडा अर्ध्यावर गेला आणि तिने मान वळवून कौलावरचं मांजर बघितलं, चांगलं शेपटीपर्यंत. मी पाच लिहिले. पंधराचे वीस झाले.

झेंडावंदन सुटल्यावर ती वहीत डोकावली.

"बू, हे पाच माझेच ना?"

"तुझेच. कुणाचा हात नाही यात."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि टोपी फिरवत वर्गाकडे पळाली.