गाडीचं कपाळ

"ह्यातला कार्बोरेटर माझाच हाये का, फिटर?"

आदिनाथनं गाडी स्टँडवर लावली नाही, आदळली. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून त्यानं फक्त काच वर केली. कडुबा एका स्कूटरचं मागचं चाक खोलून उकिडवा बसला होता. परवापर्यंत हाच पोरगा त्याला कडुबाभाऊ म्हणत होता.

"काय म्हणला?"

"इचारतो. नवा काढून जुना डकवला का माझ्या गाडीत?"

"तुझा कार्बोरेटर काढून काय करू मी? लोणचं घालू?"

शेजारी संघपालच्या चहाच्या गाड्यावर रात्रपाळी सुटलेले कामगार उभे होते. त्यातले दोघं हसले. ते आपल्या बोलण्याला हसले नाहीत, हे कडुबाला कळलं.

आदिनाथचं गाऱ्हाणं जुनंच होतं. गाडी सुरू होते, गल्लीत नीट चालते. हमरस्त्याला लागून मूठ पिळली की थोड्या अंतरावर बसते. आवाज वाढतो, वेग वाढत नाही, आणि मग आवाजही जातो. बाजूला उभी केली की काही वेळानं पुन्हा चालते. टाकी भरलेली असली की हा त्रास जास्त, म्हणून आधी त्यानं पंपाला शिव्या दिल्या होत्या. आज ह्याच भानगडीत त्याला कंपनीच्या गेटवर उशीर झाला. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं खाडा मांडून परत पाठवलं, आणि पुन्हा असं झालं तर येऊच नको म्हणून बजावलं.

कडुबानं आतापर्यंत प्लग बदलला होता, एअर फिल्टर बदलला होता, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले होते, क्लचच्या प्लेटा बघितल्या होत्या. दर वेळी गाडी त्याच्या हाताखाली शहाण्यासारखी वागली, आणि दर वेळी परत आली.

"सगळ्यांसमोर सांगतो," आदिनाथ चहावाल्यांकडे वळून म्हणाला, "ह्या चोराकडं गाडी टाकली तर न्यायच्या वक्ती आतलं सामान बघून घ्या."

"अबे, सुबह सुबह क्या लगाया तूने," संघपाल म्हणाला, पण चहा गाळायचं त्यानं थांबवलं नाही.

एक कामगार गाडी ठेवायला म्हणून थांबला होता. त्यानं हातातली किल्ली परत खिशात घातली.

ती किल्ली कडुबानं बघितली. त्याच्या दुकानाला पाटी नव्हती. रांजणगावच्या ह्या नाक्यावरून वाळूजच्या कंपन्यांत जाणारी पोरं 'कडुबाकडं टाक' म्हणत, तीच पाटी. सोयगावकडची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून तो शहरात आला, शहागंजला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकला आणि पुढं हे शटर घेतलं. त्याच्याकडं भारी यंत्रं नव्हती. नाव होतं, आणि ते आता चहाच्या गाड्यावर उघडं पडलं होतं.

तो उठला. हात फडक्याला पुसले. "किल्ली आण."

सवयीनं त्याचा हात टाकीच्या झाकणाकडं गेला. गाडी आली की आधी टाकी उघडून बघायची, हे उस्तादानं त्याच्या अंगात भिनवलं होतं. निम्मी माणसं पेट्रोल संपलेली गाडी ढकलत आणतात आणि इंजिनाला दोष देतात. पण आदिनाथनं किल्ली मागं ओढली.

"पेट्रोल फुल्ल हाये. काल भरलं. आता पेट्रोलवर ढकलू नको."

"बरं. चल मग, मागं बस."

"कुठं?"

"जिथं बसती तिथं. दौलताबादच्या घाटात चढवू."

"गाडी मी चालवणार. तुझ्या हातात नाय देणार मी."

कडुबानं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि मागं बसला.

तिसगाव मागं पडलं. एका सीटवर दोन माणसं जेवढं अंतर ठेवू शकतात तेवढं त्यांनी ठेवलं होतं, आणि प्रत्येक गतिरोधकावर ते मोडत होतं. शरणापूरच्या पुढं आदिनाथनं मान वळवून विचारलं, "मागं धरायला दांडी हाये. माझा खांदा कशाला धरतो?"

"पडलो तर तुझ्यावरच येईल म्हणून."

"मेलास तरी नाक्यावर कोणी रडणार नाय."

"पुढं बघ."

किल्ला मागं पडला. वेशीतून गाडी काढली, पेरूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका गेल्या आणि चढ लागला. आदिनाथनं गिअर खाली घेऊन मूठ पिळली. दुसऱ्या वळणाला गाडी एकदा हुंदका दिल्यासारखी अडकली, पुढं गेली, पुन्हा अडकली. मागचा टेम्पो भोंगा वाजवत अंगाला घासून गेला. मग गाडी बसली.

"बघ!" आदिनाथ ओरडला. तो जवळजवळ खूष झाला होता. "बघ आता डोळ्यानं."

दोघांनी ती कठड्याकडेला ढकलली. ऊन वर आलं होतं. कडुबानं प्लग काढला. कोरडा. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला. वाटी भरलेली असायला हवी होती. चार थेंब पडले आणि थांबले. त्यानं टाकीखालची नळी उपसली. पेट्रोलचा कॉक उघडाच होता. नळीतून बारीक धार आली, तिची तार झाली, तारेचे थेंब झाले, थेंबही थांबले.

"टाकीत पेट्रोल नाय तुझ्या," तो म्हणाला.

"काय बोलतो बे तू?" आदिनाथनं किल्ली झाकणात घातली. ती आत जाईना. त्यानं दोनदा हिसका दिला, फिरवली आणि झाकण उपटलं. "ये, मुंडकं घालून बघ. फुल्ल हाये का नाय?"

झाकण निघताना टाकीनं श्वास आत ओढल्यासारखा आवाज केला. त्याच क्षणी कडुबाच्या हातातल्या नळीतून पेट्रोलची जाड धार मनगटावर आली.

कडुबानं कॉक बंद केला. पेट्रोलनं थंड पडलेल्या मनगटाकडं तो बघत राहिला.

"झाकण लाव," तो म्हणाला.

"काऊन?"

"लाव म्हणतो ना."

आदिनाथनं लावलं. कडुबानं कॉक उघडला. धार, तार, थेंब, काहीच नाही. "काढ." आदिनाथनं काढलं. पुन्हा जाड धार.

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून पेट्रोल धरून ठेवते, तोंड दाबून उलट्या केलेल्या बाटलीसारखी. हळू चालवली तर जेमतेम पुरतं. मूठ पिळली की इंजिन उपाशी. आणि गॅरेजमध्ये गाडी नीट का चालायची, हेही कडुबाला तिथंच उमगलं. दर वेळी त्यानं सगळ्यात आधी टाकी उघडून बघितली होती. रोग आधी घालवायचा आणि मग शोधत बसायचा, असं तो इतके दिवस करत होता. हे त्यानं आदिनाथला सांगितलं नाही.

त्यानं झाकण उलटं केलं आणि क्लचच्या वायरीची एक तार भोकात फिरवली. तारेला चिकट, तंबाखूच्या रंगाचा लगदा आला. त्यानं तो बोटांवर चोळला. चोळल्यावर तो पिवळा झाला. हळदीचा वास आला.

"हे काय हाये?" कडुबानं विचारलं.

आदिनाथनं हेल्मेट काढलं. आज पहिल्यांदाच.

"भंडारा," तो म्हणाला. "माय लावती. कामाला निघताना."

कडुबा त्याच्या आईला, बानाबाईला, ओळखत होता. नाक्यामागच्या चाळीत ती लेकाबरोबर राहायची. मेंढरं होती तेव्हा मुक्काम हलवताना पुढच्या मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावल्याशिवाय तिच्या घरचा कळप पाऊल टाकत नसे. मेंढरं गेली, लेक कंपनीत लागला, तेव्हापासून मान गाडीला मिळाला होता.

"नुसता भंडारा उडून जाईल," कडुबा म्हणाला. "ह्याला तेल कोणी पाजलं?"

"किल्ली अडकत होती. म्हणून मी सोडलं कुलपात."

"लई सोडलं?"

आदिनाथ हेल्मेटची काच पुसू लागला. कडुबानं भोक साफ केलं, तोंडानं फुंकून बघितलं, नळी चढवली. गाडी पहिल्या किकला लागली. आदिनाथ एकटाच वर जाऊन आला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग तसाच होता, फक्त तो ठेवायला जागा उरली नव्हती.

"नाक्यावर हे सांगायचं नाय," तो म्हणाला.

"नाक्यावर मला चोर म्हणालास तू."

"सांगतो ना. फिटरची चूक नव्हती म्हणून सांगतो."

"मग कोणाची होती, इचारतील. कचरा व्हता म्हणशील, तर म्हणतील कडुबाला कचरा सापडत नाय. जे निघालं ते सांगायचं."

"माय हाये माझी ती."

"आन मी कोण हाये? तुझा नोकर?"

उतारावर गाडी हलकी चालली होती.

नाक्यावर बानाबाई आलेली होती. लेकाचं फिटरशी वाजलं, असं कुणीतरी चाळीत जाऊन सांगितलं होतं. ती शटरसमोर रस्त्यात उभी राहून कडुबाच्या रिकाम्या दुकानालाच बोल लावत होती, आणि गाड्यावरची माणसं चहा संपवूनही थांबली होती. कडुबा उतरला तशी ती त्याच्याकडं वळली.

"काय रं, गरिबाच्या गाडीतलं काढून खातो व्हय? माझ्या लेकाला गेटवरून हाकलला आज. तुझ्यापायी. मल्हारी बघतोय वरून. तुझं हे शटर एक दिस उघडायचं नाय बघ."

कडुबा फक्त आदिनाथकडं बघत राहिला. गाड्यावरची माणसंही आदिनाथकडं बघू लागली. घाटात त्यानं खरं कारण सांगायचं कबूल केलं नव्हतं, आणि आता कुठं जायला वाट नव्हती.

"ह्यानं काय काढलं नाय," आदिनाथ म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, आईच्या तोंडावर, म्हणाला, "तू बुजवलं. तुझ्या भंडाऱ्यानं टाकीचं भोक बुजवलं. रोज सकाळी भंडारा, भंडारा. घे आता. खाडा पडला तो तुझ्यामुळं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. "देवानंच ब्रेक मारला की," कुणी म्हणालं. किल्ली खिशात घालणारा कामगार पुढं आला, कडुबाच्या बाकड्यावर किल्ली ठेवली आणि म्हणाला, "फिटर, संध्याकाळपर्यंत करून ठेवा." संघपालनं न मागता चहा पुढं केला. कडुबाला जे हवं होतं ते सगळं दोन मिनिटांत परत मिळालं. चहा त्यानं हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

बानाबाई हसणाऱ्यांकडं बघत नव्हती. तिचा आवाज खाली आला होता.

"खरं हाये का, बाबा?" तिनं कडुबाला विचारलं. "माझ्यामुळं त्याला हाकललं?"

"नुसत्या भंडाऱ्यानं नाय, मावशी," कडुबा म्हणाला. "त्यात तेल ह्यानं ओतलं. आन बिघाड मला सापडायला पायजे होता. नाय सापडला."

हे वाक्य गाड्यावर कुणी नीट ऐकलं नाही. आदिनाथनं ऐकलं आणि तोंड फिरवलं.

बानाबाई गाडीजवळ गेली. टाकीवर हात ठेवला, काढला. "मेंढ्याचं कपाळ दिसतं," ती म्हणाली. "गाडीचं कुठं असतं, मला काय ठावं. उंच दिसलं तिथं लावलं." मग कडुबाकडं बघून तिनं विचारलं, "तू ह्यातला हायेस. कुठं लावू, सांग."

"कुठंच लावू नको," आदिनाथ म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. कडुबानं चहा खाली ठेवला. त्यानं गाडी पुढून मागपर्यंत न्याहाळली, बिघडलेली गाडी न्याहाळतो तशीच. दिव्याची काच नको, उजेड कमी होईल. हँडलवर बटणं. इंजिन तापतं. चेनला ग्रीस.

"पुढच्या मडगार्डवर," तो म्हणाला. "मधोमध. तिथं बुजायला काय नाय."

बानाबाईनं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि वाकली. आदिनाथनं किक मारली. ती वाकलेलीच असताना त्यानं गाडी मागं घेतली, वळवली आणि मूठ पिळली. गाडी एका दमात नाक्याच्या पलीकडं गेली. कुठंही अडकली नाही.

तिची चिमूट तशीच राहिली. काढलेला भंडारा पिशवीत परत टाकायची तिची रीत नव्हती. तिनं आजूबाजूला बघितलं. मागचं चाक नसलेली स्कूटर ठोकळ्यावर उभी होती. कुणाची, तिला माहीत नव्हतं. तिच्या पुढच्या मडगार्डवर तिनं अंगठ्यानं भंडारा टेकवला, मधोमध, आणि पदर सावरून चाळीच्या बाजूनं चालू लागली. ती रस्त्याच्या कडेनं, घाई न करता चालली होती, मागून मोठा कळप येत असल्यासारखी.

तिसऱ्या प्रहरी स्कूटरवाला आला. चाक दाबून बघितलं, किल्ली घेतली, आणि पुढं वाकून अंगठा थुंकीनं ओला केला.

"हे पिवळं काय लागलं इथं?"

"राहू द्या," कडुबा मान वर न करता म्हणाला. "तिथं चालतं."

स्कूटरवाल्यानं खांदे उडवले आणि अंगठा पँटला पुसला.