सोमशेखरची वेळ

फोन आला तेव्हा सोमशेखरचे दोन्ही हात गुळानं बरबटले होते, म्हणून त्यानं नाकानं बटण दाबलं. नाकाचा नेम चुकला आणि स्पीकर सुरू झाला.

"सर, अभिनंदन," पुण्याच्या शोरूममधली बाई गोड आवाजात म्हणाली, "तुमची वेळ आली."

सोमशेखर शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी. बिनसेलची, आतली चाकं दिसणारी घड्याळं जमवणं हे त्याचं एकमेव व्यसन. निळ्या तबकडीच्या एका स्विस घड्याळासाठी तो कैक वर्षं यादीत नाव घालून बसला होता. लग्नाची त्यानं इतकी वाट बघितली नव्हती. आज आनंदानं त्यानं गुळाच्या हातांनीच फोनला नमस्कार केला. त्याच्या आईनं, शांतव्वानं, मात्र हातातलं सूप खाली ठेवलं.

"कुणाची वेळ आली म्हनली ती?"

"माझी. अव्वा, घड्याळाचं बोलत्यात."

"यमाकडं आता बायका बी कामाला लागल्या व्हय?"

जाऊ नकोस म्हणाली. ऐकत नाही म्हटल्यावर तिनं त्याच्या कपाळाला अशी विभूती फासली, की आरशात त्याला स्वतःचीच भीती वाटली.

पुण्याला जाताना गाडी त्याचा दोस्त हंबीरराव चालवत होता. पेठ नाक्याच्या अलीकडं पुढच्या ट्रॅक्टरची उसानं भरलेली मागची ट्रॉली सुटली आणि रस्त्यात आडवी झाली. हंबीररावनं करकचून ब्रेक दाबला. एक ऊस काच फोडून आत आला आणि सोमशेखरच्या नाकाला टेकून थांबला.

मग हंबीररावनं तो ऊस काढून दातानं सोलायला घेतला.

"काळ आलता शेठ, पर वेळ आली न्हवती."

कुणी वाचलं की सगळे हेच म्हणतात. पण सोमशेखर 'वेळ' या शब्दावर अडकला. वेळ आली नव्हती, कारण ती पुण्यात तिजोरीत होती. आणि फुटक्या काचेतून वारा खात आपण आपल्या पायानं ती आणायला निघालोय.

शोरूममधल्या बाईनं पांढरे हातमोजे घालून त्याच्या मनगटाला पट्टा बांधला. "बघा, अगदी मापाचं बसलं." सोमशेखरला तिरडीची सुतळी आठवली.

घरी आल्यावर त्यानं घड्याळ कपाटात ठेवलं. पण ते हाताच्या हालचालीवर चालणारं. हात नाही, तर ते बंद.

"बंद घड्याळ घरात ठेवू नकोस," शांतव्वा म्हणाली. "तुझा आज्जा गेला तवा भिंतीवरलं असंच थांबलतं."

घातलं तर वेळ आली, ठेवलं तर घटका भरली. शेवटी त्यानं ते हंबीररावच्या म्हशीच्या गळ्यातल्या दाव्याला बांधलं. तिची मान सारखी हलत असते. दुसऱ्याच दिवशी म्हशीनं पान्हा चोरला, थेंबभर दूध देईना. हंबीरराव घड्याळ परत घेऊन आला.

"तुझं मराण माझ्या म्हशीवर कशाला ढकलतोस?"

तोडगा शांतव्वानं काढला. "काटं मागं घे. काळ दारात आला तर सांगू, अजून वेळ व्हायची हाय, बसा पावणं."

तेव्हापासून ते घड्याळ सोमशेखरच्या मनगटावर आहे, जगाच्या दहा मिनिटं मागं. बाजारात सौदे सुरू झाल्यावर तो पोचतो, तोवर चांगला गूळ गेलेला असतो. त्याचं त्याला काही वाटत नाही. धास्ती दुसरीच आहे. असलं घड्याळ कितीही भारी असलं तरी रोज थोडं पुढं पळतं. एरवी हे तो लोकांना कौतुकानं सांगायचा. आता रोज सकाळी तो घड्याळाची चावी बाहेर ओढून काटे मागं सारतो. तेवढा वेळ सेकंदाचा काटा जागच्या जागी उभा राहतो. तेवढा वेळ सोमशेखर श्वास घेत नाही. समोर चिमटीत विभूती धरून बसलेली शांतव्वाही घेत नाही.

आज चावी आत दाबली, तरी काटा हलला नाही. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

शांतव्वा जागची न उठता म्हणाली, "अजून वेळ हाय. बसा पावणं."

बाहेर कुणीतरी पायरीवर बसल्याचा आवाज आला.