साडेचार बोटं

डॉक्टरांची मुलगी बापाची जुनी गाडी ओढून आणून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली, तेव्हा रंगाऱ्याला आधी बरंच वाटलं. एकोणीस वर्षांपूर्वी ही गाडी त्यानेच रंगवली होती. वर्षभरात उजव्या दाराला फोड आले, डॉक्टर भडकून गाडी घेऊन गेले आणि शेडमध्ये झाकून ठेवली. ती आता त्यांच्या माघारी बाहेर निघाली.

"सगळा रंग काढा, अगदी पत्र्यापर्यंत," मुलगी म्हणाली. "बाबा म्हणायचे, पत्रा ठोकणाऱ्याने घोळ घातला."

"त्यानेच," रंगारी म्हणाला. हे वाक्य त्याच्या जिभेवर असं रुळलं होतं की आता विचारसुद्धा करावा लागत नसे.

पत्रा ठोकणारा काही परका नव्हता, रंगाऱ्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता. वर्कशॉप दोघांनी मिळून काढलेलं. मेहुण्याने सडका पत्रा कापायचा, नवा जोडायचा, ठोकून सरळ करायचा, आणि मग दाजींनी रंग चढवून शाबासकी घ्यायची. फोड आले त्या दिवशी मात्र दाजींनी चारचौघांत खापर मेहुण्यावर फोडलं. याने गंज कापलाच नाही, वरून लांबीचं लुकण थापून खड्डे बुजवले, आता तो गंज वर आला, मी काय करू? मेहुणा मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी हत्यारं पिशवीत भरून गेला आणि बसच्या डेपोत नोकरीला लागला. डेपो चार गल्ल्या पलीकडे, पण रंगाऱ्याला त्या चार गल्ल्या कधी ओलांडाव्याशा वाटल्या नाहीत. लग्नकार्यात गाठ पडली तर 'बरंय ना' म्हणायचं आणि दुसरीकडे बघायचं.

तर रंगाऱ्याने गाडीचं उजवं दार खोलून लाकडी घोडीवर आडवं टाकलं आणि रंग काढायचं औषध ब्रशने फासलं. दहा मिनिटांत रंग तापल्या दुधाच्या सायीसारखा सुरकुतला. तो पात्याने खरवडायला लागला. सुरुवात त्याने मुद्दामच खालच्या कडेपासून केली, मेहुण्याचं पाप तिथेच होतं ना. बोटभर जाड लांबीचा थर निघेल, खाली चाळणी झालेला पत्रा निघेल, आणि ते मुलीला दाखवता येईल, असा त्याचा हिशेब होता.

लांबीचा थर निघाला तो नखाएवढा. खाली नवाकोरा पत्रा, सांधा कानशीने इतका घासलेला की बोट फिरवलं तर कळू नये. गंजाचा ठिपका नाही.  मग रंगाऱ्याच्या ध्यानात आलं, फोड खाली आलेच नव्हते. ते दाराच्या मधोमध आले होते. इतकी वर्षं हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला कधी विचारलं नाही.

मधला रंग त्याने हळूहळू काढला. करडा प्रायमर सुटला आणि खाली तांबूस डाग दिसला. आधी अंगठा, मग तळवा, मग चार बोटं. त्यातली करंगळी अर्धीच.

रंगाऱ्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. करंगळी अर्धी. इंजिनाच्या पट्ट्यात गेली होती, लग्नाच्याही आधी.

उघड्या पत्र्याला घामाचा हात लावायचा नाही, हे रंगकामात पहिल्या दिवशी शिकवतात. लागलाच तर थिनरने पुसायचं, नाहीतर घामाच्या मिठाने रंगाखाली गंज धरतो. आणि त्याला लख्ख आठवलं. रंग चढवायच्या दिवशी तो याच दारावर रेलून कोणाला तरी ऐटीत काहीतरी सांगत होता. मेहुणा मागून म्हणाला होता, "दाजी, हात लागला, पुसून घ्या." आणि त्यावर हा म्हणाला होता, "मला शिकवतोस?"

रंगाऱ्याने पॉलिशपेपर उचलला. दोन मिनिटांचं काम होतं. पुसलं की संपलं, कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. अंगठ्याचं टोक त्याने पुसलंही. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की कागद हातातून गळला. त्याने डेपोत फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाला, "जरा ये."

मेहुणा डेपोच्याच कपड्यांत आला. केस पांढरे झाले होते. दारापाशी वाकला, बघितलं, आणि फडक्याने आपले हात पुसायला लागला.

"तुला माहीत होतं," रंगारी म्हणाला.

"फोड बघितले तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलणार होतो. पण ताईने आधी मला गाठलं. म्हणाली, खरं सांग, चूक तुझी का ह्यांची? नवीन संसार होता तुमचा. मी म्हटलं, मीच." तो हात पुसत म्हणाला, "मग तिने चार शब्द सुनावले. जाऊ द्या. तिला काही दाखवू नका."

रंगाऱ्याला वाटलं, याने दोन कानशिलात लावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन बायको आत आली. भावाला वर्कशॉपात उभा बघून ती उंबऱ्यातच थांबली. "हा कसा इथे?" तिने नवऱ्याला विचारलं.

 रंगाऱ्याने आपला डावा हात त्या डागावर ठेवला. बोटावर बोट बसलं, अर्ध्यावर अर्धं.

"दाजी, हात," मेहुणा सवयीने बोलून गेला.

"पुसायला यानेच सांगितलं होतं," रंगारी म्हणाला. "मी पुसलं नाही. चूक माझी होती आणि नाव याचं घेतलं. तुझ्यासमोरसुद्धा."

ती पुढे आली. दाराकडे बघितलं, हाताकडे बघितलं, मग भावाकडे. तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही. तिने स्टूल ओढलं, भावाला खांद्याला धरून बसवलं आणि डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"अगं ताई, दाजींचा आहे तो," तो म्हणाला.

"तू जेव," ती म्हणाली. "त्यांना आज भूक नाही."

खरंच नव्हती. रंगारी तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावा हे न कळून.