पाच फुटी पातं आणि वसुधाताईंची वाट

मी एक जुनं लोखंडी पातं आहे, मित्रांनो. भाजी चिरायचं नव्हे आणि दाढीचंही नव्हे, तेव्हा बोट लावायला घाबरू नका. माझी लांबी पाच फूट, उंची दीड वीत आणि पोटाशी जरा बाक. छोट्या ट्रॅक्टरच्या पाठीमागे मला अडकवतात. ट्रॅक्टर पुढे चालतो आणि मी त्याच्यामागून माती खरवडत, उंचवटे उतरवत, खड्डे बुजवत जातो. चालवणाऱ्याचं लक्ष पुढे असतं. मागे काय घडलं, ते मला आधी कळतं.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मला व्हर्जिनियातल्या टॉलिव्हर नावाच्या गृहस्थांच्या दुकानात पाठवलं. दुकानाच्या मागच्या गवतात मी तीन वर्षं पडून होतो. माझ्या एका बाजूला चार फुटांचं पातं, दुसऱ्या बाजूला सहा फुटांचं. ज्यांना स्वस्त हवं ते चार फुटी नेत, ज्यांना ऐट हवी ते सहा फुटी. मधल्याकडे कोण बघतो? माझा रंग उडाला, आणि माझ्या बाकात एका चिमणीने घरटंसुद्धा केलं. ती होती म्हणून दिवस गेले.

१९८४ सालच्या एप्रिलमध्ये तिथे एक कुटुंब आलं. गिरीशराव हर्नडनच्या एका कंपनीत कॉम्प्युटर इंजिनियर, वसुधाताई इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर, आणि त्यांची बारा वर्षांची लेक वीणा. टेकडीवरचं जुनं घर त्यांनी आदल्या वर्षीच घेतलं होतं. घर वसुधाताईंच्या पसंतीचं. घराबरोबर एक छोटा ट्रॅक्टर मिळाला, आणि डांबरी रस्त्यापर्यंत जाणारी पाऊण मैलाची खडीची वाटही. वाट कसली, नुसते खड्डे आणि चाकोऱ्या! गाडीला तेवढं अंतर उतरायला बारा मिनिटं लागत.

आणि त्या बारा मिनिटांवरच सगळं अडलं होतं. इस्पितळाचं पत्र आलं होतं. पेजर वाजल्यापासून तीस मिनिटांत डॉक्टर हजर हवा. एक जूननंतर एकदा जरी उशीर झाला, तर जागा दुसऱ्याला. डांबरी रस्त्यापासून इस्पितळ एकवीस मिनिटांवर. म्हणजे नोकरी ठेवायची तर घर सोडा, घर ठेवायचं तर नोकरी सोडा.

"मी तर म्हणतो, अपार्टमेंटमध्ये परत जाऊ," गिरीशराव म्हणाले. "तिथे काय वाईट होतं?"

"खिडकीतून पार्किंग लॉट दिसायचा," वसुधाताई म्हणाल्या. "आधी पातं बघू. मग रडू."

टॉलिव्हरसाहेबांनी गिरीशरावांशी हात मिळवला आणि सगळी माहिती त्यांनाच सांगायला सुरुवात केली. गिरीशरावांनी अंगठ्याने बायकोकडे खूण केली. "मला नका सांगू. डॉक्टर तिकडे आहेत."

खरं तर गिरीशरावांचा डोळा सहा फुटीवर होता. "मोठं घेऊ ना! एका फेरीत काम फत्ते."

"वजन किती याचं?" वसुधाताईंनी विचारलं.

टॉलिव्हरसाहेब माणूस सरळ. डोकं खाजवत म्हणाले, "तुमच्या सोळा हॉर्सपॉवरच्या मानाने जडच आहे, मॅम. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातील."

"बाबा विल पॉप अ व्हीली!" वीणा टाळ्या पिटत ओरडली. "आई, प्लीज हेच घेऊ!"

"तुझ्या बाबांना हवेत नाचवायला नाही आलो आपण."

मग वसुधाताईंनी पर्समधून शिवणाची टेप काढली. घरून त्या ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेर-बाहेरची रुंदी मोजून आल्या होत्या, अठ्ठेचाळीस इंच. चार फुटी पातं बरोब्बर तेवढंच. टॉलिव्हरसाहेब खूश झाले, पावती फाडायला निघाले. ताई म्हणाल्या, "थांबा. काम करताना हे सरळ धरतात की तिरकं?"

"तिरकं, मॅम. त्याशिवाय माती बाजूला सरकत नाही."

"मग तिरकं करून दाखवा."

त्यांनी खुंटी काढून चार फुटीला तिरकं केलं. ताईंनी पुन्हा टेप लावली. बेचाळीस इंच! म्हणजे दोन्ही चाकं पात्याच्या बाहेर राहणार, आणि नीट केलेल्या वाटेवर चाकोऱ्या जशाच्या तशा उरणार.

"कापड तिरकं, उरेब धरलं की पन्हा कमी भरतो, गिरीश," त्या म्हणाल्या. "माझे ब्लाउज मी स्वतः शिवते ते उगाच नाही."

मग त्यांनी गवत बाजूला केलं. बाकातल्या घरट्यातल्या पिल्लांना धक्का न लावता मला तिरकं करून मोजलं. बावन्न इंच. दोन्ही चाकं झाकून वर दोन-दोन बोटं शिल्लक. "हे द्या," त्या म्हणाल्या, "पण पिल्लं उडून गेल्यावर. आम्ही दोन आठवड्यांनी येतो."

मित्रांनो, माझं वजन अडीचशे पौंड आहे. त्या दिवशी मला ते जाणवलंच नाही.

मे महिन्यात मी कामाला लागलो. पहिल्यांदा ट्रॅक्टरवर गिरीशराव बसले. माणूस अतिशय नेटका. दर वीस फुटांवर उतरून लाकडी फळी टाकायचे, तिच्यावर पाणसळ ठेवायचे आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला मागे-पुढे फिरवायचे. तीन शनिवार-रविवार खपून त्यांनी वाट अशी सपाट केली, की वर गोट्या ठेवल्या तरी हलू नयेत.

मग पाऊस आला. सपाट वाटेवरून पाणी जाणार कुठे? ते तिथेच बसलं. पाऊण मैल भाताचं खाचर झालं, आणि ताईंची गाडी मधोमध रुतली. एक जूनला आठ दिवस उरले होते.

गिरीशराव चिखलात उभे राहून म्हणाले, "पण लेव्हल परफेक्ट होती गं!"

"तेच तर चुकलं. न्हाणीघराच्या फरशीला ढाळ देतात की नाही? मग वाटेला नको?"

ताईंचं बोलणं तेवढंच. वाट जरा वाळल्यावर त्यांनी जुनी साडी कमरेला खोचली आणि स्वतः ट्रॅक्टरवर बसल्या. मला तिरकं केलं. जाताना एका कडेची खडी मध्ये ओढली, येताना दुसऱ्या कडेची. पहिल्या दिवशी वाट उंटाच्या पाठीसारखी झाली. ताई आपल्याच कामाकडे बघून खो खो हसल्या आणि पुन्हा बसल्या. सहा दिवसांनी मध्ये अलगद उंचवटा आणि दोन्हीकडे उतार तयार झाला. मी अनेक हात पाहिले आहेत, पण चूक दिसली की इतक्या शांतपणे पहिल्यापासून सुरुवात करणारे हात दुसरे पाहिले नाहीत.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी धो धो पाऊस पडला. शनिवारी दुपारी ताई पोळ्या लाटत असताना पेजर वाजला. एका अडलेल्या बाळंतिणीची तातडीची शस्त्रक्रिया होती. हाताला कणीक तशीच, आणि गाडी सुटली. मी वाटेच्या कडेला उभा होतो. ओल्या खडीवर गाडीची चाकं एकदाही धडपडली नाहीत. वीणा घड्याळ घेऊन मागून ओरडली, "थ्री मिनिट्स, बाबा! ओन्ली थ्री!"

गिरीशराव स्वयंपाकघरात गेले. उरलेल्या पोळ्या त्यांनी लाटल्या. नकाशासारख्या झाल्या.

संध्याकाळी ताई परतल्या आणि म्हणाल्या, "चोवीस मिनिटांत पोचले. आई आणि बाळ दोघंही ठीक." मग त्या नकाशांपैकी एक पोळी त्यांनी पायरीवर बसून खाल्ली.

आता पाच वर्षं झाली. नोकरी आहे, घरही आहे. परवा गिरीशराव पाना घेऊन माझ्याखाली आडवे झाले. माझ्या तळाला एक पोलादी पट्टी बोल्टने जोडलेली असते. तिला दोन धारा असतात. सगळी झीज ती सोसते. एक धार झिजली की पट्टी उलटून लावायची. पण वेळेवर! नाहीतर मी स्वतः झिजू लागतो, आणि मला उलटायला दुसरी बाजू नाही.

बोल्ट आवळता आवळता गिरीशराव म्हणाले, "वसू, पाच वर्षं प्रत्येक वीकएंडला तू ऑन-कॉल. तुझी पट्टी कधी उलटायची?"

ताई हसण्यावारी नेणार होत्या. पण गिरीशराव खालून बाहेर आलेच नाहीत, उत्तराची वाट बघत राहिले.

"बरं," ताई शेवटी म्हणाल्या. "एक वीकएंड आड करते. सोमवारीच सांगते त्यांना."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी असेल, ज्याच्यामुळे तुमची वाट सोपी होते. माझं एवढंच मागणं आहे, की अधूनमधून जरा वाका आणि त्याची धार किती उरली आहे ते बघा.