नको ते काढताना

वीबेची बायको हिस्के परवा घरी येणार होती आणि तिच्या कॉम्प्युटरवर जुगाराची जाहिरात वाजत होती. वीबेनं ती चौकट बंद केली, तर तिच्या जागी दोन उघडल्या. एकीत पोट कमी करायच्या गोळ्या होत्या. दुसरीत एक बाई त्याला सांगत होती की त्याच्याच गावातल्या काही एकट्या स्त्रिया त्याची वाट पाहताहेत. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, न गळणारा नळ घट्ट केला आणि परत येऊन बसला. तोवर आणखी एक उघडली होती.

वीबेनं सगळी नोकरी हार्लिंगनच्या बंदरातला पूल उघडण्यात आणि मिटण्यात काढली होती. जहाज आलं की पूल वर, जहाज गेलं की खाली, आणि मधल्या वेळात तेलपाणी. निवृत्त झाल्यापासून त्याचे हात सतत काहीतरी शोधत असत. त्यानं एकदा तरी उघडून पुन्हा बसवली नाही अशी वस्तू घरात उरली नव्हती. अपवाद फक्त कॉम्प्युटरचा. तो हिस्केचा. गायनवृंदाचा सगळा पत्रव्यवहार ती त्यावर करी. कानात इअरफोन घालून बसली की तिला हाका मारून उपयोग नसे. गाण्यांची तालीम ऐकत असेल, असं वीबे धरून चालला होता.

या वेळी मात्र त्यानं हात लावला होता. हिस्के शरद ऋतूत सायकलवरून पडली होती. ओल्या पानांवरून चाक घसरलं, असं ती म्हणाली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मग ती फ्रानेकरच्या पुनर्वसन केंद्रात राहिली. ती घरी येईल तेव्हा भिंतीवर जुन्या फोटोंची फिल्म दाखवावी असं वीबेच्या मनात आलं. फोटोंची फिल्म करणारा एक फुकटचा प्रोग्राम त्याला सापडला. तो काय काय विचारत होता ते न वाचता वीबेनं प्रत्येक वेळी ‘पुढे’ आणि ‘मान्य’ दाबलं. फिल्म झाली नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर नेहमीचं पहिलं पानच बदललेलं, कोपऱ्यात कुणीतरी सारखं टिचक्या मारल्यासारखं काहीतरी उगवतंय, आणि एक लाल पाटी सांगतेय की तुमच्या मशीनमध्ये विषाणू आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. फोन न करण्याइतकी अक्कल त्याला होती. 

त्यानं स्वतःच निस्तरायचं ठरवलं. प्रोग्रामांची यादी उघडली आणि ज्याचं नाव ओळखीचं नाही ते काढायला सुरुवात केली. एक निघाला. दुसऱ्यानं रडका चेहरा दाखवून विचारलं, खरंच निरोप घेताय का? वीबेनं ‘हो’ दाबलं, तर ते ‘हो’ म्हणजे ‘राहू दे’ होतं. ते कळायला त्याला तीन वेळा दाबावं लागलं. तिसरा, चौथा. नाव ऐकलं नाही, काढ. मध्येच एखादी जाहिरात यायची. त्यातल्या काही विचित्रच होत्या. भिंगाचा टेबललॅम्प. मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड. आणि एकदा तर घडीची पांढरी काठी. ‘काय वाट्टेल ते विकतात,’ असं पुटपुटत तो त्या बंद करत राहिला. दुपारपर्यंत त्यानं बरंच काही काढलं होतं आणि जुगार तसाच वाजत होता.

तो बंदरावर जाऊन आला. भरतीचं पाणी बघितलं, कुणाशी न बोलता परत फिरला. घरात शिरताच पुन्हा मशीनसमोर. शेवटी त्यानं बाउक्येला फोन केला.

बाउक्ये ही हिस्केची थोरली बहीण. चर्चच्या मागे एकटी राहायची. टेलिफोन कचेरीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत आणि समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय. आपला कॉम्प्युटर ती स्वतःच सांभाळायची. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला तर तो आपली पत्रं वाचेल, असा तिचा संशय होता. ती साखरेचा पाव आणि एक पेनड्राइव्ह घेऊन आली, कोट न काढताच खुर्चीत बसली.

“काय केलंस?” तिनं विचारलं.

“काही नाही.”

“काही न करता इतकं होत नाही, वीबे. याला मेहनत लागते.”

तिनं आधी इंटरनेटची वायर काढली. म्हणाली, बाहेरून रसद येत असताना आत लढून उपयोग नाही. मग मशीन पुन्हा सुरू केलं, पण फक्त अत्यावश्यक तेवढंच चालेल अशा पद्धतीनं. जुगार गप्प झाला. घरात एकदम इतकी शांतता पसरली की वीबेला आपलं गुडघ्यावरचं बोटांचं वाजवणं ऐकू आलं. बाउक्येनं त्याच्या हाताकडे बघितलं आणि त्यानं हात खिशात घातला.

मग तिनं प्रोग्राम नावानं न लावता तारखेनं लावले. फोटोंच्या प्रोग्रामाबरोबर त्याच संध्याकाळी आणखी पाचसहा पाहुणे आत शिरले होते. हवामान दाखवणारा एक, मशीन ‘वेगवान’ करणारा एक, स्वस्त खरेदी शोधून देणारा एक. ती एकेकाला बाहेर काढत गेली, आणि बाहेर जाताना ते जे विचारत ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचत गेली. पेनड्राइव्हवरच्या तपासनिसानं कोपऱ्याकापऱ्यांत लपलेलं उरलंसुरलं शोधलं. ब्राउझरला चिकटलेल्या दोन पट्ट्या तिनं उपटल्या, पहिलं पान पुन्हा जुनं लावलं. एका जुगाराच्या साइटला वीबेनं सूचना पाठवायची परवानगी दिली होती, तीही काढून घेतली.

“बायको हॉस्पिटलात आणि तू जुगाऱ्यांना घराची किल्ली दिलीस,” ती म्हणाली.

वीबे खोलीत येरझाऱ्या घालत होता. काम जमतंय हे दिसत असूनही त्याला चैन पडेना. त्यानं तिला सांगितलं की मीही सकाळी बरीच साफसफाई केली होती, अगदीच गाढव नाही मी. बाउक्येनं विचारलं, काय काय काढलंस? त्यानं आठवतील ती नावं सांगितली. त्यातलं एक मार्चपासून तिथं होतं, तारीख त्यानं पाहिली होती. काहीतरी पडद्यावरचं वाचून दाखवणारं. असलं आपल्याकडे कोण वापरतंय, म्हणून तेही टाकलं.

बाउक्येचा माउसवरचा हात थांबला.

तिनं वळून पाहिलं नाही, चेष्टा केली नाही. साखरेच्या पावाचा तुकडा तोडला आणि न खाता तसाच हातात धरला. वीबेनं त्या बाईला इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या डोक्यात सकाळचा तो भिंगाचा दिवा आला, मग ती काठी. त्यानं विचारलं की या जाहिराती कशावरून ठरतात. बाउक्ये हळूच म्हणाली की माणूस त्या मशीनवर जे शोधतो, त्यावरून.

“पांढरी काठी मी शोधलेली नाही.”

“नाही.”

“मग?”

“ते हिस्केला विचार,” बाउक्ये म्हणाली. “मला शपथ घातलीय. आणि गाडी सावकाश चालव.”

फ्रानेकरपर्यंतचा रस्ता त्यानं कसा कापला ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. हिस्के केंद्राच्या उपाहारगृहात कालव्याच्या बाजूला बसली होती, शेजारी चालायचा आधार उभा केलेला. तिनं त्याला पावलांवरून ओळखलं आणि मान थोडी तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. ही तिरकी मान तो कितीतरी महिने बघत आला होता. लाडिकपणा समजत आला होता. त्यानं दोघांना कॉफी आणि सफरचंदाचा केक आणला. तिचा काटा केकच्या शेजारी बशीवर टेकला, मग सरकत केकपर्यंत आला. हेही तो बघत आला होता, आणि ‘लक्ष कुठं असतं हिचं’ म्हणून सोडून देत होता.

काय बोलायचं ते त्यानं गाडीत जुळवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

“तुझ्या कॉम्प्युटरमधून मी एक प्रोग्राम काढून टाकला,” तो म्हणाला. “वाचून दाखवणारा.”

हिस्केनं काटा खाली ठेवला.

“बाउक्ये बोलली?”

“ती काहीच बोलली नाही. म्हणून तर कळलं.”

मग तिनं सांगितलं. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती, बाउक्येबरोबर. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, दोन्ही डोळ्यांचा, उजव्याचा जास्त. कडेचं दिसतं, समोरचं जातं. वाचणं आधी गेलं. गायनवृंदाची पत्रं ती ऐकून लिहीत होती, इअरफोन त्यासाठी. आणि सायकलचं म्हणशील तर पानं खरंच होती, पण पानांच्या आधी रस्त्याच्या मधोमध रोवलेला खांब होता, तो दिसलाच नाही.

वीबे उभा राहिला. काचेपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे त्याच्याकडे बघायला लागले. समोरून ट्रक आला असता तर, असं त्यानं विचारलं. आला असता, असं ती म्हणाली.

“मार्चपासून, हिस्के. एकाच पलंगावर झोपतो आपण. मला का नाही सांगितलंस?”

“कारण तू मला दुरुस्त करायला घेतलं असतंस. दुसऱ्या दिवशी सायकल विकली असतीस. घरभर दिवे, जिन्याला दोन्हीकडून दांडे, ताटातल्या माशाचे काटे काढून.”

“त्यात वाईट काय आहे?”

“वाईट काही नाही. पण तुझ्या हातात गेलेली वस्तू तुझी होते. हे दुखणं मला थोडे दिवस माझं म्हणून हवं होतं.”

 तो बाहेर पडला. गाडीत बसला, गाडी सुरू केली, बंद केली. त्याच्या डोक्यात दिव्यांच्या जागा ठरायला लागल्या होत्या. जिन्यावर कुठे, ओट्यावर कुठे, आणि दांड्यासाठी कुठलं लाकूड. हे लक्षात येताच त्याला स्वतःचीच शिसारी आली. तिनं अर्ध्या तासापूर्वी सांगितलेलं तो अक्षरशः करत बसला होता. तो परत आत गेला. ती तिथंच होती, कॉफी गार झालेली.

तो बसला. दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“तुला काय दिसतं?” त्यानं विचारलं. “आत्ता. माझ्याकडे बघितलंस तर.”

तिनं मान तिरकी केली, मग मुद्दाम सरळ केली. हा प्रश्न डॉक्टर सोडून कुणी विचारला नव्हता.

“मधे धुकं,” ती म्हणाली. “नाक नाही, तोंड नाही. भोवती केस. आणि तुझे कान अगदी स्पष्ट.”

“सगळ्यांत वाईट तेवढंच उरलं म्हणायचं.”

ती हसली, आणि हसता हसता रडली. तो जागचा हलला नाही. त्याला ते किती जड गेलं हे त्याचं त्याला माहीत.

दुसऱ्या दिवशी बाउक्येनं तो प्रोग्राम मूळ ठिकाणाहून पुन्हा उतरवला. वीबे शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होता आणि कुठं खूण आधीच केलेली आहे का ते बोटानं दाखवत होता. बाउक्येला त्याचा वैताग आला. प्रोग्राम बसला, हिस्केनं लावलेला आवाज आणि वेग मात्र गेला होता. तो तिलाच पुन्हा लावावा लागला. घरी आली त्या संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली. आवाज इतका भरभर बोलत होता की वीबेला एकही शब्द कळला नाही. त्यानं विचारलं, जरा हळू करून देऊ का? मग जीभ चावली. ती म्हणाली, तुला ऐकायचं असेल तर करते.

फोटोंची फिल्म काही झाली नाही. काही आठवड्यांनी ती दोघं लेउवार्डनला डॉक्टरकडे गेली. निघण्यापूर्वी हिस्केनं अट घातली होती की विचारायचं ते मी विचारीन. वीबेनं ती पाळली. प्रतीक्षेच्या खोलीत त्याचा पाय इतका हलत होता की बाकावरचा दुसरा माणूस उठून दुसरीकडे बसला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. डाव्या डोळ्यातलं आहे ते इंजेक्शनांनी काही काळ राखता येईल. किती काळ, ते सांगता येत नाही. हिस्केनं विचारलं, ओळखीच्या वाटेवर सायकल चालेल का? डॉक्टर नाही म्हणाले. 

घरी परतताना तिनं सांगितलं की सायकल बाउक्येला द्यायची, आणि ती मी स्वतः नेऊन देणार, हातात धरून, चालत. त्यानं बरं म्हटलं. मग गावाच्या वेशीपर्यंत कशीबशी कळ काढून त्यानं विचारलं की जिन्यावर दिवा लावला तर चालेल का, एकच. ती विचार करते म्हणाली.