अर्ध्या वितीचा फरक

"बूट काढून या, आत स्वयंपाक चाललाय," काकू म्हणाल्या.

मोजणीदाराने बूट काढले आणि टेपचे टोक धरून तो मागच्या दाराने आत शिरला. ओटा, पिठाचा डबा, पाण्याचे पिंप मागे टाकत टेप थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. हद्द दाराबाहेरच्या दगडाशी यायला हवी होती. ती आली साडेतीन मीटर आत. म्हणजे काकूंचे अख्खे स्वयंपाकघर शेजारच्या वखारवाल्याच्या जमिनीत.

तो दगड मोजणीदाराच्या वडिलांनी रोवलेला. नोकरीत होते तोवर बाबांची मोजणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवरा गेल्यावर काकूंनी घर बांधायला काढले, तेव्हा तेच म्हणाले होते, "दगडाला भिंत चिकटवा वहिनी, बिनघोर. मी आहे ना."

जुन्या नकाशात वखारीपलीकडच्या रस्त्यापासून हद्द तीस साखळ्यांवर होती. जुनी साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे तीस साखळ्यांचे झाले सहाशे साडेतीन मीटर. बाबांचा दगड मात्र बरोबर सहाशेवर. त्या गोल आकड्यानेच मोजणीदाराला सगळे सांगून टाकले. मीटर आले तेव्हा कचेरीत वीस मीटरची नवी साखळी आली होती. तिलाही कड्या शंभरच, टांगायची खुंटीही तीच. फरक साखळीमागे अर्ध्या वितीचा. बाबांनी नवी उचलली आणि जुनी समजून तीसदा टाकली. थेंबे थेंबे तळे साचते, ते असेही साचते.

बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. डोळ्यांना आता जेमतेम उजेड कळत होता, तरी हट्टाने आले होते. बाजूला वखारवाला उभा होता.

"कुठे आली रे?" बाबांनी विचारले.

'दगडाशीच' एवढे म्हटले की भागले असते. शब्द जिभेवर आलाही होता. मोजणीदाराला स्वतःची लाज वाटली आणि बाबांची दयाही.

"आत, बाबा. पलीकडच्या भिंतीला."

"आणि माझा दगड?"

"सहाशेवर."

"पुरे सहाशे?"

"पुरे."

"म्हणजे विसाची साखळी होती हातात," बाबा हळूच म्हणाले.

वखारवाला चुळबुळला. "मला काही घाई नाही हो. काकूंनी स्वयंपाकघर सावकाश हलवावं. पण कागदावर बरोबर घ्या."

बाबा उठले. चाचपडत चपला काढल्या आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, माझ्या शब्दावर बांधलंत तुम्ही."

काकूंना राग आला होता, पण या आंधळ्या म्हाताऱ्यावर तो काढायचा कसा, हे त्यांना कळेना. त्यांनी गॅस बंद केला. पिठाचा डबा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

डबा टेकल्याचा आवाज बाबांनी ऐकला. ओट्यावर हात फिरवताना त्यांना एक पातेले सापडले. ते दोन्ही हातांनी उचलून बाबा तसेच उभे राहिले.

"हे कुठे ठेवू, वहिनी?"